घाई नाही, मामा

स्ट्रोकनंतर शब्द हरवतात, माणूस आतून तसाच असतो. त्याला अफेजिया म्हणतात. त्यावर उपचारही आहेत. पण ते शोधायला निघालो तेव्हा आमच्या घरात कोणालाच हा शब्द माहीत नव्हता.

माझ्या मामाचं झेरॉक्सचं दुकान आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या गेटसमोर. सबमिशनच्या दिवशी तिथं काय गर्दी असते हे तुम्हाला सांगायला नको, कारण त्या गर्दीत तुम्हीच असता. ‘काका, लवकर ना, अकराला व्हायवा आहे!’ आणि मामा मशीनवरून मान वर न करता म्हणायचा, ‘झालं, झालं.’ जर्नलची अठ्ठावीस पानं बाकी असली तरी उत्तर तेच.

गेल्या वर्षी जूनमध्ये, ऐन ॲडमिशनच्या सीझनला, मामा एका सकाळी गिऱ्हाइकाशी भलतंच काहीतरी बोलायला लागला. मार्कशीटच्या पाच कॉपी मागणारा मुलगा समोर उभा. मामा बोलतोय, पण ते शब्द मराठीतले नाहीत, हिंदीतले नाहीत, कुठलेच नाहीत. हातातले कागद खाली पडले. त्या मुलाला वाटलं, काका सकाळी सकाळीच ‘टाकून’ आलेत. शेजारच्या वडापाववाल्याला वाटलं, पित्त झालंय. त्याने बाकावर झोपवून सोडा पाजला. मामीला फोन करायचं कोणाला सुचलं तेव्हा दोन तास उलटून गेले होते.

तो स्ट्रोक होता. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. जितक्या लवकर तितकं चांगलं. सोडा, गाडी शोधणं, आधी गावातला दवाखाना आणि मग तिथून शहर, यात आमचे साडेचार तास संपले. म्हणून हे आधीच लिहून टाकते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात उचलेना किंवा बोलणं अचानक अडखळलं, तर पित्त-बित्त नाही, सोडा नाही, पाणीसुद्धा नाही. १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल. आणि त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवायची, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

नऊ दिवसांनी मामा घरी आला. हॉस्पिटलने जीव वाचवला, त्याबद्दल तक्रार नाही. डिस्चार्ज कार्डवर बीपीच्या गोळ्या होत्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या होत्या, मीठ कमी खा आणि फिजिओथेरपी करा हे होतं. बोलण्याविषयी एक अक्षरही नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘येईल हळूहळू.’

मामाकडे तेव्हा नेमके दोन शब्द उरले होते. झालं, झालं. पाणी हवं तरी ‘झालं झालं’, पंखा लावायचा तरी ‘झालं झालं’. राग आला की तेच, फक्त मोठ्याने. एक दिवस मामी भाकरी थापता थापता म्हणाली, ‘अहो, काय झालं ते तरी सांगा,’ आणि मग दोघंही रडायला लागले.

जिभेचा दोष नाही

भेटायला येणारा प्रत्येक जण उपाय घेऊन यायचा. जीभ जड झालीय, वेखंड उगाळून मधात चाटवा. अमक्या गावात लकव्याचं औषध देतात, एक रविवार जाऊन या. वेखंड चाटवूनही झालं. पण मामाची जीभ ठणठणीत होती. तो शेंगदाणे चावून खात होता, शिट्टी वाजवत होता, माझ्या मामेभावाला जीभ काढून दाखवत होता. बिघाड जिभेत नव्हताच.

अफेजिया, मराठीत वाचाघात. मेंदूच्या ज्या भागात भाषेचं काम चालतं तिथं इजा झाली की तो होतो. बहुतेक माणसांमध्ये हे काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं आणि डाव्या मेंदूचा ताबा शरीराच्या उजव्या बाजूवर असतो. म्हणून उजवा हात-पाय लुळा आणि वाचा बंद ही जोडी पुष्कळदा एकत्र दिसते. स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना अफेजिया होतो. डोक्याला मार लागून होतो, ट्यूमरमुळेही होतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची एमिलिया क्लार्क आठवते? २०११ मध्ये, पहिल्या सीझनचं शूटिंग संपल्यावर, चोविसाव्या वर्षी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ऑपरेशननंतर काही दिवस तिला स्वतःचं पूर्ण नाव सांगता येत नव्हतं. तिचा अफेजिया आठवडाभरात गेला. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. ब्रूस विलिसच्या बाबतीत २०२२ मध्ये हाच शब्द बातम्यांत आला, पण त्याचं कारण हळूहळू वाढत जाणारा मेंदूचा आजार होता. स्ट्रोकचं तसं नाही. तो एकदा घाव घालतो आणि थांबतो, मग तिथून वर यायचं असतं.

सगळ्यांचा अफेजिया सारखा नसतो. काहींना समोरच्याचं बरंचसं कळतं, पण शब्द ओढून काढावे लागतात. वाक्य तुटक येतं, प्रत्यय गळून पडतात. ‘मी... दुकान... उद्या’. मामाचा हा प्रकार. काही जण भरभर, छान लयीत बोलतात, पण त्याचा अर्थ लागत नाही आणि आपलं बोलणं चुकतंय हे त्यांना स्वतःला कळतंच असं नाही. काहींचं दोन्ही जातं. आणि ‘बोलता येत नाही तर लिहून दाखवा ना’ हा सल्ला देण्याआधी थांबा. भाषाच अडकलेली असते, त्यामुळे लिहिणं, वाचणं, मोबाइलवर टाइप करणं हेही बहुतेकदा बिघडतं. आम्ही पहिल्याच आठवड्यात मामाच्या हातात वही-पेन दिलं होतं. त्याने ते भिंतीवर फेकलं.

पॅरिसमधला पॉल ब्रोका नावाचा सर्जन. १८६१ मध्ये त्याच्याकडे एक पेशंट आला, जो वर्षानुवर्षं एकच अक्षर बोलत होता, ‘तान’. कशाचंही उत्तर ‘तान तान’. हॉस्पिटलमध्ये त्याचं नावच तान पडलं. समोरच्याला कळलं नाही की तो चिडायचा आणि मग मात्र त्याच्या तोंडून सणसणीत शिवी निघायची. तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू तपासला, डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली, आणि मेंदूत भाषेचा ठरावीक भाग असतो हे लोकांना पटायला लागलं. तो मेंदू पॅरिसमध्ये जतन करून ठेवलेला आहे. मी हे वाचलं तेव्हा मामेभावाला मेसेज केला, ‘मामा शिव्या देतो का रे?’ उत्तर आलं, ‘एकदम क्लिअर.’

कारण असं की, पाठ झालेली आणि आपोआप येणारी भाषा, म्हणजे शिव्या, आकडे, वार, पाढे, प्रार्थना, ही नवं वाक्य जुळवण्यापेक्षा वेगळ्या वाटेने येते. ती वाट पुष्कळदा शाबूत राहते. हे पुढे आमच्या फार कामाला आलं.

थेरपिस्ट कुठे मिळतो?

मी पुण्यात राहते, पेपरमध्ये इंटर्नशिप करते, त्यामुळे ‘शोध’ हे खातं माझ्याकडे आलं. फिजिओथेरपिस्ट दर चौकात सापडतो. स्पीच थेरपिस्टच्या पाट्या शोधायला लागले, तर बहुतेकांवर लहान मुलाचं चित्र. उशिरा बोलणारी मुलं, तोतरेपणा, ऑटिझम. चार ठिकाणी फोन केले. दोघांनी ‘आम्ही मोठी माणसं घेत नाही’ म्हणून सांगितलं. एकाने सहाशे रुपये सेशन सांगितलं, आठवड्यात किमान तीन. तालुक्याहून पुण्याला एसटीने येऊन-जाऊन सात तास. उजवा पाय ओढत चालणाऱ्या माणसाला आठवड्यातून तीनदा? मामीने हिशेब केला आणि म्हणाली, ‘राहू दे.’

मग मला एक गोष्ट कळली, जी आधी कळायला हवी होती. जिथं हे शास्त्र शिकवतात तिथं ओपीडीही असते. तिथं शिकणारे विद्यार्थी सीनियरच्या देखरेखीखाली थेरपी देतात आणि खर्च खासगी क्लिनिकपेक्षा कमी असतो. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ मध्ये सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था आपण कानाच्या मशीनसाठी ओळखतो, पण वाचा आणि भाषा हेही तिचंच काम. मुंबई सेंट्रलच्या नायर हॉस्पिटलमध्ये ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीचं कॉलेज आहे. पुण्यात भारती विद्यापीठाचं आहे. म्हैसूरला १९६५ पासूनची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे, ती व्हिडिओ कॉलवरूनही थेरपी देते. आणखी एक काळजी घ्या. थेरपिस्टची डिग्री बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी असते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे त्यांची नोंदणी असते. तो नंबर बिनधास्त विचारा. ‘वाचा परत आणतो’ म्हणणारे भरपूर भेटतात.

आम्हाला अशाच एका कॉलेजच्या ओपीडीत एक ताई मिळाली. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. (ताई म्हणायचं की नाही यावर मी पाच मिनिटं घालवली.) तिने पहिल्या दिवशी दीड तास मामाकडून एकेक गोष्ट करून घेतली. चित्रं ओळखायची, सूचना ऐकून वस्तू उचलायची, ऐकलेला शब्द परत म्हणायचा, दोन ओळी वाचायच्या. एका चित्रात परदेशातलं स्वयंपाकघर होतं. बाई बशा पुसतेय, सिंक भरून वाहतंय, मागे मुलगा स्टुलावर चढून डब्यातली बिस्किटं चोरतोय. जगभर वापरलं जाणारं प्रसिद्ध चित्र आहे ते. मामा बघत बसला. मग त्याने सिंककडे बोट दाखवून नळ बंद करायची खूण केली. ताई खूश झाली. म्हणाली, यांना चित्रातली गोष्ट पूर्ण कळलीय, शब्द तेवढे मिळत नाहीयेत.

त्यानंतर तिने ते परदेशी चित्र बाजूला ठेवलं आणि आम्हाला दुकानाचे फोटो काढून आणायला सांगितले. झेरॉक्स मशीन, स्टेपलर, स्पायरल बाइंडिंगचं यंत्र, टोनर, मामीचा चहाचा थर्मास. ज्या माणसाला जे शब्द रोज लागतात तेच आधी. गंमत म्हणजे ‘पाणी’ यायच्या आधी मामाला ‘बॅक टू बॅक’ आलं. वीस वर्षं दिवसातून शंभरदा म्हटलेलं!

शब्द सापडत नसेल तर तो सांगून टाकायचा नाही, त्याच्या आजूबाजूने फिरायचं, हे तिने शिकवलं. ही वस्तू कुठे असते? तिचं काय करतात? कशाची बनलीय? अजून काय आठवतं? थर्मास नाही आठवत, पण गरम, चहा, मामी, झाकण हे येतं, आणि झाकण म्हणता म्हणता अचानक ‘थर्मास’ टपकन पडतो. आकडा सांगायचा असेल तर एकपासून म्हणत जायचं. वार विचारला तर सोमवारपासून सुरुवात करायची आणि योग्य वार आला की ब्रेक लावायचा. ब्रेक लावणं सगळ्यात अवघड. पहिले काही आठवडे मामा थेट रविवारवरच जाऊन थांबायचा.

आरती

गेल्या वर्षीच्या गणपतीत मी घरी गेले होते. मामा कोपऱ्यात खुर्चीवर. आरती सुरू झाली आणि दुसऱ्या ओळीपासून मामा गायला लागला. शब्दन् शब्द. तीन महिने ‘झालं झालं’ म्हणणारा माणूस पूर्ण आरती म्हणतोय, डाव्या हाताने मांडीवर ताल धरतोय. टाळ्या थांबल्या. मामी देवापुढे आडवी झाली. आई मला मिठी मारून रडली. मी मोबाइल काढला, कारण मी मास कॉमची मुलगी आहे.

आरती संपली. मामीने विचारलं, ‘मोदक देऊ?’ मामाने तोंड उघडलं. ‘झालं... झालं...’ त्या क्षणी त्याचा चेहरा जसा झाला तो व्हिडिओत आहे. मी तो कोणालाच पाठवला नाही.

ताईला फोन केला, तर तिला आश्चर्य वाटलं नाही. गाणं आणि पाठांतर शाबूत असणं ही चांगली गोष्ट आहे, पण आरती येते म्हणजे बोलणं परत आलं असं नसतं. गाण्याच्या या वाटेचा उपयोग करून घेणारी एक पद्धत अमेरिकेत १९७३ मध्ये तयार झाली. रोजच्या वापराचं छोटं वाक्य चढ-उतार करून गुणगुणायचं, डाव्या हाताने एकेका अक्षराला टिचकी द्यायची, आधी थेरपिस्टबरोबर, मग एकट्याने, आणि हळूहळू चाल काढून टाकत साध्या बोलण्यावर यायचं. नुसती भजनं लावून ठेवण्यापेक्षा हे पुष्कळ वेगळं आणि कष्टाचं आहे. ‘चहा हवाय’ हे वाक्य आमच्या घरात तीन आठवडे गायलं गेलं. शेजारच्यांना काय वाटलं असेल देव जाणे. पण दसऱ्याच्या आसपास मामाने चाल न लावता चहा मागितला.

तोवर आम्हाला सगळे सांगत होते की पहिल्या सहा महिन्यांत जे येईल ते येईल, पुढे काही नाही. सुरुवातीचे महिने सगळ्यात वेगाने सुधारणेचे असतात, हे खरं. पण ‘पुढे काही नाही’ खरं नाही. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जर्मनीतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. स्ट्रोक होऊन सहा महिन्यांहून जास्त काळ लोटलेल्या लोकांना तीन आठवडे, दर आठवड्याला किमान दहा तास थेरपी दिली, तर रोजच्या संवादात फरक पडला. त्याआधी २०१६ मध्ये ५७ चाचण्या एकत्र तपासणारा मोठा आढावा आला होता. त्यातही थेरपीने फायदा होतो असंच निघालं, पण तास खूप वाढवले की जास्त लोक मध्येच सोडतात हेही दिसलं. दोन्ही गोष्टी मला पटतात. तीन-चार वाक्यांनंतर मामाला घाम फुटलेला मी पाहिलाय.

आठवड्याला दहा तास आम्हाला परवडणारे नव्हते. मग आम्ही वाटून घेतलं. महिन्यातून दोनदा पुणे, आठवड्यातून एकदा ताईचा व्हिडिओ कॉल, आणि रोज संध्याकाळी अर्धा तास मी किंवा मामेभाऊ. तो अकरावीला आहे. त्याने मोबाइलमध्ये ‘पप्पा’ नावाचा फोटो अल्बम केला, त्यात घरातली माणसं, भाज्या, गोळ्यांची पाकिटं, बसस्टँड, देव, सगळं. शब्द अडला की मामा अल्बम उघडून दाखवतो. ओपीडीच्या बाकावर ओळख झालेल्या आणखी दोन कुटुंबांबरोबर आमचा एक ग्रुपही आहे. तिघंही अफेजियावाले त्यात फोटो आणि स्टिकर पाठवतात. मामा जगातला सगळ्यात जास्त गुड मॉर्निंग पाठवणारा माणूस झालाय, पण ते निवडायला त्याला दहा मिनिटं लागतात हे मला माहीत आहे, म्हणून मी ते म्यूट करत नाही.

‘यांना कळतं का?’

आता माझी चूक सांगते. दिवाळीनंतर मामाच्या खात्याचं काम होतं, म्हणून आम्ही बँकेत गेलो. उजवा हात चालत नव्हता, डाव्या हाताची सही जुळत नव्हती. काउंटरवरच्या साहेबांनी मामाकडे बघून मला विचारलं, ‘यांना कळतं का?’ मागे रांग होती, मला ऑफिसला परतायचं होतं. मी म्हणाले, ‘तुम्ही मला सांगा ना, मी करते.’ मामाने टोकन काउंटरवर आपटलं आणि बाहेर निघून गेला. परतीच्या रिक्षात त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी कम्युनिकेशनची डिग्री घेतलीय. सेंडर, मेसेज, चॅनल, नॉइज, रिसीव्हर, हे मॉडेल पाठ करून दहापैकी नऊ मार्क घेतलेत. आणि मामाशी मी सहा महिने काय करत होते? त्याची वाक्यं पूर्ण करत होते. मोठ्याने बोलत होते, जणू त्याला ऐकू येत नाही. लहान मुलाशी बोलतात तसं ‘अरे वा, शाब्बास’ करत होते. एक्कावन्न वर्षांच्या माणसाला, ज्याने मला स्कूटी शिकवली.

टोरांटोमध्ये १९७९ साली एका बाईने, नवऱ्याला अफेजिया झाल्यावर, अशा लोकांसाठी केंद्र सुरू केलं. आज ते अफेजिया इन्स्टिट्यूट म्हणून ओळखलं जातं. तिथं पेशंटइतकंच त्याच्याशी बोलणाऱ्याला शिकवतात. सुरुवातच यावरून होते की ‘तुला सगळं कळतंय हे मला माहीत आहे’ हे समोरच्याला आपल्या वागण्यातून जाणवलं पाहिजे. आमच्या ताईचेही नियम त्याच धर्तीचे. टीव्ही बंद करा. एका वेळी एकच विषय. छोटी वाक्यं, पण नेहमीच्या आवाजात आणि मोठ्या माणसाशी बोलतो तशी. ‘काय खाणार?’ऐवजी ‘भात की भाकरी?’, आणि दोन्ही शब्द कागदावर लिहून समोर ठेवा. ‘हो’ म्हणाला तरी खात्री करा, कारण हो आणि नाही यांचीही अदलाबदल होते. अंगठा वर की खाली, ते बघा. कळलं नाही तर कळल्याचं नाटक करू नका. आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. हा शेवटचा नियम मला सगळ्यात जड गेला.

बँकेचंही पुढे कळलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता आहे. त्यातली एक वाक् आणि भाषा दिव्यांगता, आणि तिच्या व्याख्येत अफेजियाचं नाव थेट लिहिलेलं आहे. इतरांप्रमाणेच मालमत्ता बाळगण्याचा आणि आपले पैशांचे व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क याच कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. दिव्यांगत्व कायमस्वरूपी आहे असं तपासणीत ठरलं तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं, अर्ज ऑनलाइन करता येतो. बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. हात-पायाचं प्रमाणपत्र काढताना वाचेचंही मूल्यमापन करून मागा. आम्हाला हे कोणीही आपणहून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्यांदा बँकेत गेलो तेव्हा मामाने खिशातून एक कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. मामेभावाने लिहिलेलं, आमच्याच दुकानात लॅमिनेट केलेलं. ‘मला स्ट्रोक झाला आहे. तुम्ही बोललेलं मला कळतं. बोलायला वेळ लागतो. कृपया माझ्याशी बोला.’ साहेबांनी वाचलं, खुर्ची पुढे ओढली. काम व्हायला चाळीस मिनिटं लागली. मी मागच्या बाकावर बसून होते, तोंडावर हात ठेवून, अक्षरशः.

जाता जाता, बारावी सायन्सवाल्यांसाठी एक गोष्ट. बीएएसएलपी हा चार वर्षांचा कोर्स आहे, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. मराठीत थेरपी देणारी, मोठ्या माणसांबरोबर काम करणारी आणि पुण्या-मुंबईबाहेर बसणारी मुलं-मुली लागणार आहेत. मी आर्ट्स घेतलं, माझा विषय संपला.

दुकान जानेवारीत पुन्हा उघडलं. मशीन मामेभाऊ किंवा मामी चालवते, गल्ल्यावर मामा. मला तो अजून माझ्या नावाने हाक मारू शकत नाही. ‘अक्का’ म्हणतो, म्हणजे माझ्या आईला जे म्हणायचा ते. नाव चुकलं हे त्याला कळतं आणि तो हाताने ‘ती नाही, तिची पोरगी’ अशी खूण करतो. मी ओ देते.

मागच्या आठवड्यात मी दुकानात बसले होते. एक मुलगा धावत आला, एका कानात इअरफोन, हातात असाइनमेंट. सात पानं, दोन रुपये पान. ‘काका, किती झाले? लवकर!’ काचेवर तेच कार्ड मोठं करून चिकटवलंय, पण ते कोण वाचतंय. मामाने हात वर करून त्याला थांबवलं, डोळे मिटले आणि सुरू केलं. ‘बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा.’ मुलाने इअरफोन काढला. माझ्याकडे पाहिलं. मी आकडे मोजत गप्प बसले. ‘बे चोक आठ. बे पंचे दहा. बे सक बारा. बे साती...’ ब्रेक. ‘चौदा.’

‘चौदा,’ तो मुलगा म्हणाला आणि त्याने कोड स्कॅन केला. लगेच गल्ल्याशेजारचा पेमेंटचा डबा खणखणीत आवाजात, एका दमात, न अडखळता बोलला की चौदा रुपये मिळाले आहेत. मामाने त्या डब्याकडे बघून एक अस्सल शिवी हासडली. ती त्याला पहिल्या झटक्यात आली.